सर्व्हर आहे, आपण पोचत नाही

टेबलावरचा फोन वाजायचा. उचलला की पलीकडून शांत आवाज यायचा, "आहात?" आपण म्हणायचं, "आहे." की फोन बंद. ना काम, ना निरोप. पहिल्यांदा मला वाटलं, नवीन माणूस म्हणून कुणीतरी माझी फिरकी घेतंय. शेजारच्याला विचारलं, तर तो मान न वळवता म्हणाला, "आयटीचे साहेब. नेटवर्क तपासतायत." आता नेटवर्क तपासायला माझी हजेरी कशाला लागते, हे कळायला मला बरेच दिवस लागले. आमचे फोन कॉम्प्युटरच्याच वायरींवरून चालायचे. मी "आहे" म्हटलं की डिझाईन विभागापर्यंतची वाट मोकळी आहे, एवढं त्यांना समजायचं. माझ्या तब्येतीशी वगैरे त्याचा काही संबंध नव्हता.

कंपनी चाकणची. मोटारींचे पत्र्याचे भाग ज्या साच्यांतून दाबून काढतात, ते साचे, म्हणजे डाय, आम्ही बनवतो. मी डिझाईनला. आमची ड्रॉइंगं असतात अवजड, मेलवर जात नाहीत. ती एका सर्व्हरवर ठेवायची आणि भोसरीत जो कारखानदार आमच्यासाठी पोलाद कापतो त्यानं ती तिथून उचलायची, असा रिवाज. सामाईक कपाट म्हणा. आपण आत ठेवायचं, त्यानं बाहेरून काढायचं. त्या कपाटाची किल्ली, त्याची कडी, त्याचं तेलपाणी, सगळं या साहेबांकडे.

माणूस किडकिडीत, पँट पोटाच्या बरीच वर, आणि डोक्याला माकडटोपी. सर्व्हरच्या खोलीत एसी चोवीस तास चालायचा, म्हणून टोपी. पण एकदा चढवली की ती उतरवायचं त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. मे महिन्यात चाकणचं ऊन डोकं फोडत असतं, पत्र्याच्या शेडमधून माणसं घाम निथळत बाहेर येतायत, आणि त्यांच्यामधून हा गृहस्थ माकडटोपी घालून चहाला निघालाय. नवी पोरं टकमका बघत राहायची.

आम्ही एकाच बसनं जायचो. ते कासारवाडीचे, मी काळेवाडीचा. नाशिक फाट्याला गाडी लावून मी कंपनीची बस धरायचो. साहेब आधीच खिडकीशी बसलेले, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. मोशी येईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत. बसमधल्या लोकांना वाटायचं, सकाळचं स्तोत्र चाललंय. आमच्या अकाउंट्सच्या बाई फार भाविक. त्यांनी एकदा हात जोडून विचारलं, "साहेब, कुठलं स्तोत्र म्हणता हो रोज?" साहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पहिल्या मजल्यावरचे प्रिंटर." बाई पुढे आठवडाभर त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत.

खरंच प्रिंटर होते ते. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, घरांना असतो तसा. साहेब ते सगळे नंबर तोंडपाठ ठेवत आणि रोज बसमध्ये उजळणी करत. कागदावर एक अक्षर नाही. ऑडिटवाले दर वर्षी यायचे, यादी मागायचे, दर वर्षी साहेब आपल्या कपाळावर बोट ठेवून म्हणायचे, "इथं आहे. विचारा." ते विचारायचे, हे धडाधडा सांगायचे. ऑडिटवाले शेरा मारून जायचे, की यादी लेखी हवी. साहेब म्हणायचे, "लिहिलं की माणूस लक्षात ठेवायचं सोडतो. माझी बायको भाजीची चिठ्ठी लिहून देते ना, तेव्हापासून मी कोथिंबीर विसरायला लागलो."

आम्हा माणसांनाही ते नावानं ओळखत नसत. तुमच्या कॉम्प्युटरचा नंबर तो तुमचा नंबर. मी सत्तेचाळीस. "काय सत्तेचाळीस, आज स्वेटर नवा?" असं ते जिन्यात विचारायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका द्यायला गेलो, तर पत्रिका नीट वाचून म्हणाले, "अरे वा, हे नाव का तुमचं? बरं आहे की."

बंद करून परत चालू करायचं, हा आयटीचा जगन्मान्य उपाय. त्याची त्यांना चीड होती. "मूल रडतंय म्हणून त्याला अफू देऊन झोपवलं, तर ते बरं झालं का?" असं विचारायचे. आणि सर्व्हर बंद आहे, डाऊन आहे, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. आपण फोन करून बोंब मारायची, "साहेब, सर्व्हर गेला." ते सावकाश म्हणायचे, "सर्व्हर आहे. आपण पोचत नाही." हे वाक्य ते कुठंही वापरायचे. माझं धाकट्या भावाशी गावच्या घरावरून वाजलं होतं, तो फोन उचलत नव्हता. मी बसमध्ये त्याच्या नावानं खडे फोडत होतो. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भाऊ आहे. तुम्ही पोचत नाही." मला इतका संताप आला की मी उठून मागच्या सीटवर जाऊन बसलो. त्या रविवारी मात्र गावाला जाऊन आलो.

तर असा हा माणूस, आणि त्यांच्या निवृत्तीच्या वर्षातच त्या सर्व्हरनं दगा द्यायला सुरुवात केली.

लहान फाईली सुरळीत जायच्या. मोठ्या फाईली मधेच तुटायच्या. कधी अर्ध्यावर, कधी पाऊण झाल्यावर. आणि सगळ्याच मोठ्या तुटायच्या असंही नाही. आम्ही आमच्यापुरता निष्कर्ष काढून मोकळे झालो, की सर्व्हर म्हातारा झालाय, त्याला वजन झेपत नाही. साहेबांनी वायर बदलली. मग वायरी जिथं एकत्र येतात तो डबा बदलला. मग डिस्क बदलली. तक्रार आली की टोपी सावरत यायचे, आमच्यासमोर तीच फाईल पाठवायचे, ती मुकाट्यानं जायची. "गेली की," म्हणायचे. आम्ही आपापल्या स्क्रीनकडे वळायचो.

आमच्या विभागात एक मुलगी होती, उदगीरकडची. डिप्लोमा करून आलेली, वडील तिकडे शिवणकाम करतात. वर्षाच्या करारावर घेतलेली, आणि वर्ष संपत आलेलं. कायम केल्याचं पत्र मिळणार की सामान बांधून घरी जावं लागणार, हा तिच्यापुढचा प्रश्न. काम चोख होतं, मी स्वतः तसं लिहून दिलं होतं. तिला साहेब त्रेसष्ट म्हणायचे.

तिनं एका डायचं सुधारलेलं ड्रॉइंग सर्व्हरवर पाठवायला लावलं, भोसरीच्या कारखानदाराला मेल टाकली, "फाईल ठेवली आहे." फाईल पोचली होती अर्धीच. ती त्याच्याकडे उघडेना. त्यानं काय करावं? फोन करायचा सोडून जुन्या ड्रॉइंगवर डाय कापून टाकली. आता पोलादाचा एवढा मोठा ठोकळा एकदा कापला की कापला. ग्राहकाची गाड्यांची लाईन आमच्या डायची वाट बघत खोळंबली, आणि तिकडून रिपोर्ट मागितला गेला. आमच्या धंद्यात असा रिपोर्ट मागितला की त्यात चूक का झाली ते लिहावं लागतं, आणि कुणाची ते नावासकट लिहावं लागतं.

मुलगी माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "सर, मी लावली होती की पाठवायला. परत येऊन बघितलं तर स्क्रीनवर काहीच राहिलं नव्हतं. मला वाटलं, गेली." तुटलेल्या फाईली त्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात. तो कप्पा आमच्यापैकी कुणीच कधी उघडला नव्हता. पण हे ग्राहकाला काय सांगणार?

मॅनेजमेंटनं बाहेरचा तज्ज्ञ बोलावला, हिंजवडीच्या एका कंपनीतला. तो आला गुरुवारी. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे सगळी दुरुस्ती, रंगरंगोटी, टाक्या धुणं, जे काही असेल ते गुरुवारी. त्यानं शांतपणे रिकाम्या कंपनीत बसून एकामागून एक अवजड फाईली पाठवल्या. सगळ्या गेल्या. निष्कर्ष लिहून दिला, की यंत्रणेत दोष नाही, वापरणाऱ्याची चूक. झालं. मुलीचं नाव रिपोर्टात गेलं आणि तिचं पत्र थांबलं. मी तिच्या बाजूनं तावातावानं बोललो, पण माझ्याकडे सांगण्यासारखं होतं काय? फाईल तुटली हे खरं, का तुटली ते कुणालाच ठाऊक नाही.

साहेबांना हे मी बसमध्ये सांगितलं. मोशीच्या आधी. त्यांनी डोळे उघडले, उजळणी अर्धी सोडली. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं. "गुरुवारी तपासला?" म्हणाले. मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "गुरुवारी माणसं नसतात. माणसं नसताना सगळंच नीट चालतं."

त्या दिवशी त्यांनी आमच्या विभागात एक खुर्ची टाकली आणि एका कॉम्प्युटरवरून सर्व्हरला सारखं विचारत बसले, "आहेस?" म्हणजे तसा प्रोग्रॅमच असतो. तो पुन्हा पुन्हा विचारतो, सर्व्हर पुन्हा पुन्हा "आहे" म्हणतो, आणि स्क्रीनवर ओळीखाली ओळ उमटत राहते. दूध उतू जाईल म्हणून आई ओट्याशी उभी राहते तसे ते तिथं बसले. पोरं हसत होती. नाश्त्याच्या सुमाराला ओळी थोड्या अडखळल्या, पुन्हा सुरू झाल्या. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, विभाग रिकामा व्हायला लागला. साहेब रोज या वेळेला आपल्या खोलीत दार लावून डबा खायचे, आणि फोन बाजूला काढून ठेवायचे. जेवताना जग बुडालं तरी उठायचं नाही, हा त्यांचा नेम. आज ते जागचे हलले नाहीत.

मी जाता जाता म्हटलं, "साहेब, चला की जेवायला." त्यांनी नुसतं बोट दाखवलं. स्क्रीनवर "आहे" यायचं थांबलं होतं. एखादं यायचं, मग नाही, नाही, नाही.

"तुम्ही लोक फाईल कधी पाठवता?" त्यांनी विचारलं.

"कधी म्हणजे? होईल तेव्हा."

"मोठी फाईल?"

मी विचार केला आणि माझं मलाच हसू आलं. मोठ्या फाईलला वेळ लागतो. कोण बसतंय तिच्याकडे बघत? पाठवायला लावायची आणि जेवायला जायचं, ही आमची सगळ्यांची पद्धत. तक्रार आम्ही करायचो जेवून आल्यावर, साहेब बघायला यायचे तेही जेवल्यावर. वजनाचा काही प्रश्नच नव्हता. मोठ्या फाईली तेवढ्या जेवणाच्या वेळेत सापडत होत्या.

"आत्ता सगळी माणसं कुठं आहेत?"

"कँटीनला."

"चला," म्हणाले. एका पोराला त्यांनी स्क्रीनसमोर बसवलं, मला मोबाईलवर त्याच्याशी बोलत राहायला सांगितलं, आणि टोपी घालून निघाले. कँटीनमध्ये त्यांनी किती वर्षांत पाऊल टाकलं नसेल कोण जाणे. तिथल्या आमटीत मीठ जास्त असतं, असं त्यांचं मत होतं.

कँटीनच्या दाराशी लांबलचक रांग. रांगेच्या तोंडाला भिंतीवर अंगठा लावायचं यंत्र. अंगठा लावायचा, टुंग वाजलं की ताट घ्यायचं. कंत्राटदार नवीन होता. लोक कुपनावर दोन-दोन ताटं घेतात म्हणून त्यानं स्टोअरमध्ये पडलेलं हे जुनं यंत्र शोधून काढलं, पुसलं, आणि भिंतीतली नेटवर्कची वायर जोडून लावून टाकलं. चालतंय ना, मग कशाला नवीन घ्यायचं? साहेब त्या यंत्राकडे बघत उभे राहिले. मग वाढणाऱ्या मावशींना म्हणाले, "मावशी, हे रोज चालू असतं?"

मावशी इथल्याच, चाकणजवळच्या गावातल्या. म्हणाल्या, "न्हाई ओ. बोर्ड हाय एकच. चटणी वाटायची तवा मिक्सर लावतो. माणसं जेवाय आली की मिक्सर काढून ह्ये लावतो."

"जरा काढता?"

मावशींनी पिन ओढली. माझ्या कानात वरचा पोरगा म्हणाला, "आला." साहेबांनी खूण केली, मावशींनी पिन लावली, यंत्र जागं झालं, आणि पोरगा म्हणाला, "गेला." काढली, आला. लावली, गेला. रांगेतून एक जण म्हणाला, "साहेब, भात गार होतोय राव." दुसरा म्हणाला, "मावशी, आज मिक्सरच लावा, पोट भरल्यावर अंगठा देतो."

साहेबांनी यंत्राची बटणं दाबून त्याचा नंबर काढला. तो बघितला आणि पिन स्वतःच्या हातानं उपटून मुठीत धरून राहिले. मग रांगेला म्हणाले, "जेवा आज असेच." आणि जवळच्या बाकावर बसले.

सर्व्हरचा नंबर आणि या यंत्राचा नंबर एकच होता. एकच खोली दोन भाडेकरूंना दिलेली. यंत्र बंद असलं की सगळं टपाल सर्व्हरला, चालू झालं की अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मी तर खूश झालो. म्हटलं, "सापडला चोर. कंत्राटदारानं न विचारता लावलं." साहेब म्हणाले, "त्यानं फक्त पिन लावली. नंबर मी दिलाय. हे यंत्र बंद पडून स्टोअरला गेलं तेव्हा मी मनातून ते पुसून टाकलं, आणि सर्व्हर नवा आला तेव्हा तोच नंबर त्याला दिला. यंत्राच्या पोटात तो तसाच राहिला होता." मग म्हणाले, "यादी लेखी असती तर यंत्र लावताना कुणीतरी ती बघितली असती." मावशींनी त्यांच्यापुढे ताट आणून ठेवलं. त्यांनी ते सगळं खाल्लं, आमटीसुद्धा.

यंत्राला दुसरा नंबर दिला, आणि सर्व्हर त्याच दुपारपासून सुतासारखा सरळ झाला. पण रिपोर्ट राहिला होता. दुसऱ्या दिवशी प्लँट हेडच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. प्लँट हेड तसा भला माणूस. सगळं ऐकून म्हणाला, "छान झालं, सापडलं. आपण जुन्या यंत्राचा बिघाड म्हणून आत नोंद करू. तुम्ही कशाला अंगावर घेता? तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

निवृत्तीनंतर साहेबांना आणखी दोन वर्षं ठेवायचं ठरत आलं होतं. हे मला तेव्हा कळलं.

"आणि मुलीचं नाव?" साहेबांनी विचारलं.

"ते ग्राहकाकडे गेलंय. यंत्राचं नाव ते घेत नाहीत, त्यांना माणूस लागतो. दुसऱ्या कुणाचं नाव दिलं तरच तिचं निघेल. तिचं वयच काय, मिळेल दुसरीकडे."

साहेब म्हणाले, "तिनं खालचा कप्पा बघायला हवा होता, ते तिला मी सांगेन. पण फाईल तिच्यामुळे तुटली नाही. माझं नाव घाला."

"साहेब, विचार करा."

"केलाय. बसमध्ये."

मी टेबलाखाली त्यांच्या गुडघ्याला हात लावला, गप्प बसा म्हणून. मला तेव्हा त्यांचा खरंच राग आला होता. मुलगीही राहील आणि तेही राहतील अशी काहीतरी युक्ती निघेल, थोडं ताणून धरावं, असं मला वाटत होतं. त्यांनी माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

मुलीला पत्र मिळालं. मुदतवाढीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, आणि साहेबांनीही विचारला नाही. उरलेले महिने ते आले, गेले, आणि शेवटच्या दिवशी गुच्छ, नारळ, शाल, सगळं घेऊन संध्याकाळी नेहमीसारखे बसच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. मी होतो. ती मुलगीही आली. थांब्यामागच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिनं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, त्यांनी ग्लास मध्ये धरला, तेव्हा तिला सरळ व्हावंच लागलं.

ती म्हणाली, "सर, तुम्ही गप्प बसले असते तरी कुणालाच कळलं नसतं. तो नंबर तुम्हीच दिला होता हे फक्त तुम्हालाच माहीत होतं."

साहेब चहावर फुंकर मारत राहिले.

"नसतंच कळलं," ते म्हणाले. "तू उदगीरला गेली असतीस, आणि मी तुझ्या रिकाम्या खुर्चीसमोरून रोज ये-जा केली असती. दोन वर्षं म्हणजे फार होतात गं."